मोतीबिंदूसोबत सिलिंडर नंबरही काढायचा आहे? टोरिक लेन्स निवडण्याआधी हे तपासा

चष्म्याच्या कागदावर ‘सिल’ या रकान्यात −१.५० किंवा −२.०० असा आकडा असला की मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी टोरिक लेन्सचा (सिलिंडर नंबरही घालवणाऱ्या लेन्सचा) विषय निघतोच. नाशकात कॉलेज रोडवरच्या दवाखान्यात गेलात, द्वारकेला गेलात किंवा नाशिकरोडला गेलात तरी काउंटरवर लेन्सचा तक्ता पुढे येतो, कंपन्यांची नावं आणि किमती सांगितल्या जातात आणि घरची मंडळी तिथल्या तिथे ‘चांगल्यातली घाला’ म्हणून मोकळी होतात. टोरिकच्या बाबतीत ही घाई नडते. साधी लेन्स डोळ्यातल्या भिंगाच्या पिशवीत थोडी फिरली तरी दिसण्यात फरक पडत नाही. टोरिक १० अंश फिरली, तर तिने घालवायच्या नंबरातला जवळजवळ एक तृतीयांश भाग तसाच राहतो. त्यामुळे मोजमाप किती काळजीपूर्वक झालं आणि लेन्स ठरलेल्या अंशावर बसली का, हे दोन प्रश्न कंपनीच्या नावाआधी येतात.

चष्म्याचा सिलिंडर आणि कॉर्नियाचा सिलिंडर

कॉर्निया म्हणजे बुबुळावरचं पारदर्शक आवरण. ते सगळ्या बाजूंनी सारखं वळलेलं असेल तर प्रकाश एका ठिकाणी जुळतो. एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी वळलेलं असेल, म्हणजे गोल जम्बो द्राक्षाऐवजी लांबट सोनाका द्राक्षासारखं, तर प्रकाश दोन वेगळ्या अंतरांवर जुळतो आणि अक्षरांना शेपट्या फुटतात. हाच ॲस्टिग्मॅटिझम, म्हणजे बोलीतला सिलिंडर नंबर.

चष्म्यात दिसणारा सिलिंडर मात्र एकट्या कॉर्नियाचा नसतो. डोळ्यातलं नैसर्गिक भिंगही त्यात भर घालतं किंवा त्यातून वजा करतं. मोतीबिंदू म्हणजे तेच गढूळ झालेलं भिंग. ऑपरेशनमध्ये ते निघून जातं आणि त्याचा वाटाही जातो. मागे उरतो तो फक्त कॉर्नियाचा सिलिंडर आणि टोरिक लेन्स त्याच्यासाठी असते.

म्हणून दोन उलट गोष्टी घडतात. एखाद्याच्या चष्म्यात −२.०० सिलिंडर असतो, पण कॉर्नियाच्या मोजणीत फरक निघतो फक्त ०.५० डायॉप्टर (नंबर मोजायचं एकक). इथे टोरिक घातली तर नसलेला दोष नव्याने तयार होईल. दुसऱ्याच्या चष्म्यात सिलिंडर जवळपास शून्य असतो, कारण भिंगाने कॉर्नियाचा दोष झाकलेला असतो. मोतीबिंदू निघाला की १.२५ चा सिलिंडर उघडा पडतो आणि ‘ऑपरेशनआधी हा नंबर नव्हता’ अशी तक्रार सुरू होते. दोन्ही ठिकाणी उत्तर केरॅटोमेट्रीच्या (कॉर्नियाचं वळण मोजणाऱ्या तपासणीच्या) कागदावर आधीच लिहिलेलं असतं.

मोतीबिंदूला आलेल्या डोळ्यांपैकी ढोबळमानाने तीनांतल्या एका डोळ्याच्या कॉर्नियात १ डायॉप्टर किंवा त्याहून जास्त सिलिंडर असतो. त्यामुळे ‘आमच्याकडे सगळ्यांनाच टोरिक लागते’ हे वाक्य जितकं संशयास्पद, तितकंच ‘टोरिक म्हणजे पैसे काढायचा धंदा’ हेही.

कागद वाचायला शिका

बायोमेट्रीच्या (लेन्सच्या नंबरासाठी डोळा मोजण्याच्या तपासणीच्या) प्रिंटवर प्रत्येक डोळ्यासाठी के१ आणि के२ असे दोन आकडे असतात, सोबत अंश. समजा के१ ४३.२५ @ ५° आणि के२ ४५.०० @ ९५°. दोन्हींतला फरक १.७५ डायॉप्टर, हा कॉर्नियाचा सिलिंडर. मोठा आकडा ज्या अंशावर आहे ती जास्त वळलेली दिशा, म्हणजे स्टीप ॲक्सिस. इथे ती ९५°, म्हणजे जवळजवळ उभी. डॉक्टर याला ‘विथ द रूल’ म्हणतात. मोठा आकडा ०° किंवा १८०° च्या आसपास असेल, म्हणजे दिशा आडवी असेल, तर ते ‘अगेन्स्ट द रूल’. तरुणपणी बहुतेकांचा दोष उभा असतो आणि वय वाढत जातं तसा तो आडव्याकडे सरकतो.

चष्म्याचा अंश आणि हा अंश यांत गोंधळ करू नका. आपल्याकडे चष्म्याचा सिलिंडर वजा चिन्हात लिहितात, म्हणून −१.५० × १८०° असा चष्मा असलेल्याची स्टीप दिशा ९०° ला असते. दोन कागदांवरच्या अंशांत ९० चा फरक दिसला म्हणून मोजणी चुकली असं समजायचं कारण नाही.

उभा की आडवा हा भेद निर्णयात सगळ्यात जास्त महत्त्वाचा आहे. कॉर्नियाला मागची बाजूही असते. साधं केरॅटोमीटर फक्त पुढची बाजू मोजतं आणि मागच्या बाजूचा अंदाज बांधतं. मागची बाजू बहुतेक डोळ्यांत सरासरी ०.३ डायॉप्टरचा आडव्या जातीचा दोष देते. त्यामुळे पुढून मोजलेला उभा सिलिंडर प्रत्यक्षात कमी असतो आणि आडवा सिलिंडर प्रत्यक्षात जास्त.

वरचं उदाहरण पुढे नेऊ. कागदावर १.७५ उभा, मागची बाजू धरून प्रत्यक्ष साधारण १.२५. दुसऱ्या माणसाचा कागद: के१ ४३.२५ @ ९२°, के२ ४४.०० @ २°. फरक अवघा ०.७५, पण आडवा. मागची बाजू धरली की तो १ च्या पुढे जाऊ शकतो. कागदावर एकाचा सिलिंडर दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त असूनही दोघांना एकाच ताकदीची टोरिक लागू शकते. याच हिशेबाने १ डायॉप्टरचा उभा दोष पुष्कळदा टोरिकशिवाय सोडून देता येतो आणि ०.७५ चा आडवा दोष सोडला तर त्रास देतो.

म्हणून डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: ‘कॉर्नियाच्या मागच्या बाजूचा हिशेब धरलाय का?’ बॅरेट टोरिक कॅल्क्युलेटर किंवा अबुलाफिया-कोच सूत्र वापरलं असेल तर तो धरलेला असतो. काही यंत्रं, उदाहरणार्थ पेंटाकॅम किंवा आयओएलमास्टर ७००, मागची बाजू थेट मोजूही शकतात. कंपनीच्या जुन्या कॅल्क्युलेटरमध्ये फक्त पुढचे आकडे भरून काढलेली टोरिक असेल, तर उभ्या दोषात ती जास्त ताकदीची आणि आडव्या दोषात कमी ताकदीची निघण्याचा धोका राहतो.

मोजणीच्या आधीचे आठवडे

चुकलेल्या टोरिकची मुळं बऱ्याचदा इथे सापडतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर ती कॉर्नियाचा आकार दाबून बदलते. मऊ लेन्स किमान एक ते दोन आठवडे आणि कडक (आरजीपी) लेन्स तीन-चार आठवडे बंद ठेवावी. कडक लेन्स बरीच वर्षं वापरलेल्यांनी दोन वेगळ्या दिवशी मोजणी करून आकडे स्थिर झाल्याची खात्री करून घ्यावी.

कोरडे डोळे हा दुसरा शत्रू. अश्रूंचा थर तुटक असेल तर यंत्र दर वेळी वेगळा आकडा दाखवतं. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतली धूळ, दिवसभर एसी, मोबाइल आणि वय, सगळं मिळून साठीच्या पुढच्या बऱ्याच लोकांचे डोळे कोरडे असतात. लुब्रिकंट ड्रॉप्स आणि पापण्यांच्या कडांची स्वच्छता दोन ते चार आठवडे करून मग पुन्हा मोजलं तर सिलिंडरचा आकडा आणि अंश दोन्ही बदललेले सापडू शकतात.

निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या शेतकऱ्यांत आणखी एक गोष्ट वरचेवर दिसते. उन्हातान्हात आणि धुळीत आयुष्य गेलेल्यांच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळावर मांस चढलेलं असतं, त्याला टेरिजियम म्हणतात. ते कॉर्नियाला ओढतं आणि सिलिंडर तयार करतं. आधी ते काढून, दोन-तीन महिने जाऊ देऊन, कॉर्निया स्थिर झाल्यावरच टोरिकची मोजणी करायची. मांस तसंच ठेवून घातलेली टोरिक पुढे मांस काढल्यावर चुकीची ठरते. छोटं, कडेलाच थांबलेलं आणि कॉर्नियाचा आकार न बिघडवणारं मांस असेल तर ते सोडूनही पुढे जाता येतं. टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशात, ते दिसतं.

मोजणीच्या दिवशीचा क्रमही पाळला गेला पाहिजे. बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स, भुलीचे ड्रॉप्स, डोळ्याला टेकवून केलेली प्रेशरची तपासणी किंवा टेकवून केलेलं ए-स्कॅन (अल्ट्रासाउंडने डोळ्याची लांबी मोजणं), हे सगळं केरॅटोमेट्रीच्या नंतर. गर्दीच्या ओपीडीत हा क्रम सहज उलटा होतो. तुम्ही रांगेत असताना कोणी ड्रॉप्स घालायला आलं तर ‘माझी लेन्सची मोजणी बाकी आहे’ एवढं सांगा.

दोन वेगळ्या यंत्रांवर मोजणी हवी. सिलिंडरच्या आकड्यात अर्ध्या डायॉप्टरपेक्षा आणि अंशात १० पेक्षा जास्त फरक आला तर घाई न करता दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवावं. कॉर्नियाची टोपोग्राफी टोरिकच्या आधी हवीच, कारण दोष सरळ आणि सममित आहे की वाकडातिकडा, हे के१-के२ च्या दोन आकड्यांवरून कळत नाही. टोपोग्राफीच्या रंगीत नकाशात डमरूसारखा आकार सरळ आणि दोन्हीकडे सारखा असेल तर टोरिकला अनुकूल. एकच बाजू खाली फुगलेली असेल तर केराटोकोनसची (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराची) शंका घ्यायची. ‘आमच्याकडे टोपोग्राफी नाही, पण टोरिक घालतो’ असं उत्तर मिळालं, तर टोपोग्राफी बाहेरून करून घेण्याचा आग्रह धरा.

मोतीबिंदू पिकून पांढरा झाला असेल तर प्रकाशावर चालणाऱ्या यंत्राला डोळ्याची लांबी मोजता येत नाही, ती अल्ट्रासाउंडने काढावी लागते. कॉर्नियाची मोजणी तेव्हाही होऊ शकते.

टोरिकची ताकद कशी ठरते

टोरिक लेन्सच्या डब्यावर दोन ताकदी असतात, गोल नंबर आणि सिलिंडर. डब्यावरचा सिलिंडर लेन्सच्या जागी मोजलेला असतो. कॉर्नियाच्या जागी तो साधारण दोन तृतीयांश भरतो. ॲल्कॉनच्या ॲक्रिसॉफ टोरिकची शिडी उदाहरणादाखल घ्या. टी३ वर १.५० लिहिलेलं असतं, ते कॉर्नियावर १.०३ घालवतं. टी४ चं २.२५ म्हणजे १.५५. टी५ चं ३.०० म्हणजे २.०६. अशी चढत चढत ती टी९ च्या ६.०० पर्यंत जाते, म्हणजे कॉर्नियावर ४.११. जॉन्सन अँड जॉन्सनची टेक्निस टोरिक, झाइसची बायटोरिक, रेनर, अहमदाबादच्या बायोटेकची आयक्रिल टोरिक, सगळ्यांच्या पायऱ्या थोड्या वेगळ्या असल्या तरी हिशेब हाच. हे गुणोत्तर डोळ्याच्या लांबीनुसार बदलतं. चांगले कॅल्क्युलेटर तेही धरतात.

त्यात डॉक्टरांच्या कापाचा वाटा मिळवायचा. फेकोचा (अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून बारीक कापातून काढण्याच्या पद्धतीचा) २.२ मिमीचा काप कानाकडच्या बाजूने घेतला तर तो कॉर्नियात फारच थोडा बदल करतो, काही दशांश डायॉप्टर. २.८ मिमीचा काप जरा जास्त. डॉक्टरांनी आपल्या स्वतःच्या आधीच्या पेशंटांवरून हा आकडा काढलेला असला तर उत्तम.

पायऱ्यांच्या मध्ये अडकलं तर काय करायचं? आपल्या १.७५ उभ्या उदाहरणात प्रत्यक्ष दोष १.२५ धरला तर टी३ घातल्यावर पाव डायॉप्टर उभा शिल्लक राहतो आणि टी४ घातली तर दोष उलटून पाव डायॉप्टर आडवा होतो. इथे टी३ बरी, कारण वयासोबत कॉर्निया आडव्याकडेच सरकणार आहे. आडव्या दोषात याच तर्काने वरची पायरी घेतात.

साठा हाही व्यवहारातला मुद्दा आहे. टोरिकमध्ये गोल नंबर गुणिले सिलिंडर असे शेकडो डबे होतात. ते कुठलाच दवाखाना ठेवत नाही. तुमची लेन्स बहुधा मुंबई-पुण्याहून मागवली जाते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लेन्स येऊन पोचल्याची खात्री करा आणि ‘तो नंबर मिळाला नाही, जवळचा घालू’ असं ऐकू आलं तर तारीख पुढे ढकला. मोतीबिंदू आठवडाभर थांबतो.

कोणी टोरिकच्या वाटेला जाऊ नये

कॉर्नियावर जुनी फुली किंवा व्रण असेल, दोष वाकडातिकडा असेल, केराटोकोनस अजून वाढत असेल, तर टोरिकचा उपयोग नीट होत नाही. भिंगाला धरून ठेवणारे धागे सैल असतील, डोळ्याला पूर्वी जोराचा मार बसला असेल किंवा स्यूडोएक्सफोलिएशन (भिंगावर कोंड्यासारखे कण साठण्याचा विकार) असेल, तर लेन्स पिशवीत घट्ट बसेल याची हमी नसते. मधुमेहींनी ऑपरेशनआधी मागच्या पडद्याचा ओसीटी स्कॅन करून घ्यावा. पडद्याला सूज असेल तर आधी तिच्यावर उपचार. महागड्या लेन्सचे पैसे नंतरही घालता येतात.

छोट्या कापाच्या बिनटाक्याच्या ऑपरेशनात (एसआयसीएस) काप ६-७ मिमीचा असतो आणि तो स्वतःच बराच सिलिंडर तयार करू शकतो. शिबिरांतली बरीच ऑपरेशनं या पद्धतीने होतात आणि ती उत्तम होतात, पण टोरिकचा हिशेब त्यात बसत नाही. टोरिक हवी असेल तर फेको हवं.

आणि ज्यांना चष्म्याचं काही वाटत नाही, त्यांनी तर बिनदिक्कत साधी लेन्स घालावी. घरातच वावर असलेल्या ऐंशीच्या आजींना १ डायॉप्टरच्या सिलिंडरसाठी टोरिक घालण्यात फारसा अर्थ नाही. तोच सिलिंडर चष्म्यात काही शेकड्यांत बसतो. अर्धा-एक डायॉप्टरसाठी कॉर्नियाच्या कडेला सैलावणारे काप (एलआरआय) घेण्याचा पर्यायही आहे. स्वस्त आहे, पण त्याचा परिणाम टोरिकइतका नेमका नसतो आणि कालांतराने कमी होऊ शकतो.

मोनोफोकल टोरिक की मल्टिफोकल टोरिक

टोरिक म्हटलं की चष्मा पूर्ण सुटला, हा गैरसमज आधी काढा. साधी (मोनोफोकल) टोरिक एकाच अंतरासाठी असते. लांबचं चष्म्याशिवाय स्पष्ट दिसेल, पण पेपर वाचायला +२.५० च्या आसपासचा जवळचा चष्मा लागेलच.

कोणतं अंतर ठेवायचं, हे कामावरून ठरवा. येवल्यात हातमागावर पैठणी विणणाऱ्याचं सगळं लक्ष हातभर अंतरावर असतं. त्याला लांबचं शून्य करून देण्यापेक्षा −२.०० वर ठेवलं तर अर्ध्या मीटरवरचं काम चष्म्याशिवाय होतं आणि लांबसाठी चष्मा लागतो. आयुष्यभर −३ चा नंबर असलेल्या आणि चष्मा काढून पोथी वाचणाऱ्या माणसाचे दोन्ही डोळे शून्यावर आणले तर त्याचं हेच सुख जातं. ऑपरेशन उत्तम होऊनही माणूस नाराज राहतो, कारण हे कोणी आधी विचारलेलंच नसतं. दोन डोळ्यांत थोडा फरक ठेवण्याचा (एक लांबला, दुसरा −१.२५ च्या आसपास) पर्यायही टोरिकसोबत चालतो.

मल्टिफोकल (एकाहून जास्त अंतरांची) टोरिक आणि ईडॉफ (स्पष्ट दिसण्याचा पल्ला वाढवणारी) टोरिक लांब-जवळ दोन्हीकडे मदत करतात. पण मल्टिफोकलमध्ये अर्धा-पाऊण डायॉप्टर सिलिंडर शिल्लक राहिला तरी दृष्टी गढूळ वाटते. साध्या टोरिकमध्ये तेवढा खपून जातो. रात्री दिव्यांभोवती वलयंही दिसतात. कसारा घाटातून रात्री गाडी चालवणाऱ्याने मल्टिफोकल घेण्याआधी दोनदा विचार करावा. आमच्या मते कॉर्नियाची मोजणी दोन यंत्रांवर जुळत नसेल, पडद्यात दोष असेल किंवा काचबिंदूचं औषध चालू असेल, तर मोनोफोकल टोरिकवर थांबावं.

पैशांचं

‘पॅकेज’ हा शब्द ऐकला की लेखी फोड मागा: तपासण्या, ऑपरेशन, लेन्स (कंपनी, मॉडेल, एमआरपी), औषधं, नंतरच्या भेटी आणि सगळ्यात महत्त्वाचं, लेन्स फिरली तर ती पुन्हा सरळ करण्याचा वेगळा खर्च लागेल का. या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण विचारात पडतात, म्हणूनच तो आधी विचारायचा.

आरोग्य विमा असेल तर मोतीबिंदूची मर्यादा आधी बघा. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत ती दर डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यांत जे कमी ते, अशी आहे आणि आधी २४ महिने थांबावं लागतं. इतर पॉलिसींच्या अटी वेगळ्या असतात; काही विमा कंपन्या टोरिकच्या जादा किमतीला हात लावत नाहीत. टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणाऱ्या संस्थेकडून) मंजुरी घेताना लेन्सचं मॉडेल लिहूनच पाठवा. सरकारी रुग्णालयात अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली मोफत ऑपरेशन होतं, त्यात साधी लेन्स धरलेली असते.

कधी करावं

‘मोतीबिंदू थंडीतच काढावा’ हा जुन्या, टाक्यांच्या ऑपरेशनच्या काळातला समज. आज ऋतूचा फरक पडत नाही. द्राक्षवाल्यांसाठी तर थंडी हीच सगळ्यात गैरसोयीची, कारण गोडी छाटणीनंतरची फवारणी आणि जानेवारीपासूनची तोडणी त्याच काळात येते. ऑपरेशननंतर महिनाभर औषधफवारणी, धूळ आणि डोळे चोळणं टाळायचं असतं, म्हणून खरड छाटणीची कामं उरकल्यावर, पावसाळ्यात तारीख घेतलेली बरी. रामकुंडावरची बुडीही महिनाभर नाही. सिंहस्थाच्या पर्वण्या गाठायच्या असतील तर त्या हिशेबाने पुढेमागे करा.

ऑपरेशनच्या दिवशी

माणूस आडवा झाला की डोळा आपल्या जागी थोडा फिरतो, सहसा दोन-चार अंश, क्वचित १० च्या वर. म्हणून आडवं होण्याआधी, ताठ बसवून, समोर बघायला सांगून बुबुळाच्या कडेला ३, ६ आणि ९ वाजण्याच्या जागी शाईच्या खुणा करतात. त्या वेळी मान तिरकी करू नका, दोन्ही डोळे उघडे ठेवा. काही ठिकाणी व्हेरियन किंवा कॅलिस्टो यांसारखी यंत्रणा बुबुळाच्या कडेच्या रक्तवाहिन्यांवरून दिशा ओळखते. तिथे शाई लागत नाही. दोन्ही पद्धती चालतात. पण ‘आडवं केल्यावर खूण करू’ हे चालत नाही.

लेन्सच्या कडेला बारीक ठिपके असतात. ते कॉर्नियाच्या स्टीप दिशेवर आणायचे असतात. डॉक्टर आधी लेन्स थोडी अलीकडे ठेवतात, ऑपरेशनसाठी डोळ्यात भरलेलं, तिच्या मागचं जेल शोषून काढतात आणि शेवटी ठिपके खुणेवर नेतात. जेल मागे राहिलं तर लेन्स त्यावर सरकते. लेन्स फिरण्याचं हे एक मोठं कारण आणि ते पूर्णपणे शस्त्रक्रियेच्या हातात असलेलं. दुसरं कारण डोळ्याचाच आकार: मोठ्या वजा नंबरवाल्यांचा डोळा लांब आणि पिशवी मोठी असते, त्यात लेन्स सैल बसते. अशांना फिरण्याची शक्यता आधीच सांगायला हवी.

पिशवी फाटली तर टोरिक घालता येत नाही, तीन भागांची साधी लेन्स पुढच्या जागेत बसवतात. हे क्वचित होतं, पण संमतिपत्रावर लिहिलेलं असतं. अशा वेळी टोरिकचा फरक परत मिळतो का, हेही आधी विचारून ठेवा.

नंतर

लेन्स फिरायचीच असेल तर बहुधा पहिल्या काही तासांत फिरते, त्यातही पहिला तास महत्त्वाचा. त्या दिवशी डोळा दाबू नका, चोळू नका. झोपताना ढाल लावा. दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत डॉक्टरांना विचारा: ‘लेन्स किती अंशावर आहे?’ बाहुली मोठी करून स्लिटलॅम्पवर हे मोजता येतं. ‘सगळं छान आहे’ हे टोरिकसाठी पुरेसं उत्तर नाही. अंशाचा आकडा केस पेपरवर लिहिलेला असला पाहिजे.

दर एका अंशामागे सुमारे ३.३ टक्के परिणाम कमी होतो. पाच अंश फिरली तर बहुतेकांना जाणवत नाही. दहा अंशांच्या पुढे आणि शिल्लक सिलिंडर पाऊण डायॉप्टरहून जास्त असेल तर सरळ करण्याचा विचार होतो. तीस अंश फिरली की टोरिक घातल्याचा फायदा शून्य, त्यापुढे नुकसान. सरळ करण्याचं काम साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सोपं जातं: पिशवी लेन्सभोवती आवळायला लागलेली असते, म्हणून ती पुन्हा फिरत नाही, पण अजून चिकटलेली नसते. महिन्यांनंतर हेच काम अवघड होतं. किती अंश फिरवायची हे अंदाजाने ठरवत नाहीत. त्या दिवशीचा चष्म्याचा नंबर आणि लेन्सचा अंश बर्डाल-हार्डटेन कॅल्क्युलेटरमध्ये घातला की नेमका कोन मिळतो.

लेन्स बरोबर अंशावर बसूनही सिलिंडर उरला असेल तर गडबड मोजणीत किंवा ताकदीत आहे. तिथे फिरवून उपयोग होईलच असं नाही. पर्याय तीन: चष्मा, लेन्स बदलणं किंवा काही महिन्यांनी लेसरने कॉर्निया दुरुस्त करणं. चष्म्याचा पक्का नंबर चार आठवड्यांच्या सुमारास काढा, त्याआधी काढलेला चष्मा वाया जातो.

दुसऱ्या डोळ्याची घाई नसेल तर पहिल्याचा हा पक्का नंबर हाती आल्यावरच त्याची लेन्स मागवायला सांगा. पहिल्या डोळ्यात हिशेब किती चुकला आणि कोणत्या बाजूला, हे पाहून दुसऱ्याची ताकद सुधारता येते. लेन्सच्या डब्यावरचं स्टिकर, दोन्ही डोळ्यांची बायोमेट्री, टोपोग्राफी आणि लेन्सचा अंश लिहिलेला कागद एकाच फाइलमध्ये ठेवा आणि त्याचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलवर असू द्या. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी दवाखाना बदलला, तर नव्या डॉक्टरांना पहिल्या दिवशी हीच फाइल लागेल.